औषध सर्वांचे, जबाबदारी कोणाची?



रविवारची मिस्सा आटोपली की आपल्यापैकी अनेकांची पावले चिकन सेंटरकडे वळतात. कोणी कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये जातात, कोणी घराजवळच्या दुकानात. यात गैर काहीच नाही. आठवडाभर राबणाऱ्या माणसाने एक दिवस आपल्या माणसांत बसून चार घास चवीने खावेत, याने देवालाही आनंदच होत असेल. परंतु या साध्या गोष्टीला आज एक नैतिक प्रश्न येऊन चिकटला आहे. प्रश्न असा आहे: एखाद्या कृतीत कोणाचाही वाईट हेतू नाही, कायद्याने ती गुन्हा नाही, लाखो लोक ती रोज करतात, आणि तरीही त्या लाखो कृतींची बेरीज होऊन कुठेतरी एखादे तान्हे मूल दगावते. मग त्या मुलाची जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न हवेतला नाही. तो अँटिबायोटिक औषधांचा, म्हणजेच प्रतिजैविकांचा आहे. अन्नातून आणि पाण्यातून आपल्या पोटात जाणारे काही जिवाणू आता या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. पूर्वी स्वस्तातल्या गोळ्यांनी आटोक्यात येणाऱ्या आजारासाठी आज रुग्णालयात दाखल होऊन महागडी इंजेक्शने घ्यावी लागतात, आणि कधी कधी तीही लागू पडत नाहीत. २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मरण पावली. त्यांतला दर पाचांतला एक मृत्यू पाच वर्षांखालील मुलाचा होता. यात खून करणारा कोणी नाही. म्हणूनच सद्सद्विवेकबुद्धीला हा प्रश्न अवघड जातो.

पिंपरीचा कारखाना आणि एक इशारा

या औषधांचे आणि आपल्या शहराचे नाते जुने आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये एका बुरशीत पेनिसिलिन सापडले. भारतात ते बरीच वर्षे परदेशातून येई आणि गरिबाला परवडत नसे. ते देशातच तयार व्हावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने भारत सरकारने १९५४ साली पिंपरीत 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा कारखाना स्थापन केला. १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. योगायोग असा की, श्रीलंकेतील कँडी येथील आपली पेपल सेमिनरी पुण्यात आली तीही १९५५ सालीच. नगर रोडवर धर्मगुरू घडू लागले आणि पिंपरीत औषध. आपल्यातल्या जुन्या मंडळींना 'एच. ए.'मध्ये नोकरी करणारे नातलग आठवत असतील. न्यूमोनियाने, प्रसूतीनंतरच्या तापाने, साध्या चिघळलेल्या जखमेने माणसे मरत होती, तो काळ त्या लहानशा कुपीने मागे सारला. ही देवाची कृपा होती, आणि ती माणसाच्या बुद्धीतून व कष्टातून आपल्यापर्यंत आली.

मात्र ज्याने हे औषध शोधले त्यानेच पहिला इशाराही दिला होता. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारल्यानंतरच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत आणतो, पण पुरेसे घेत नाही. त्याच्या घशातले जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग त्याच्यापासून त्याच्या बायकोला संसर्ग होतो, तिला न्यूमोनिया होतो, तिला पेनिसिलिन देतात, पण ते लागू पडत नाही आणि ती मरते. फ्लेमिंग यांनी श्रोत्यांना विचारले की, या मृत्यूला कोण जबाबदार? औषध हलगर्जीपणे वापरणारा नवराच, असे त्यांचे उत्तर होते. हे उत्तर कठोर आहे. पण त्यात एक सत्य आहे. इतर बहुतेक औषधे अशी आहेत की, ती चुकीची घेतली तर नुकसान घेणाऱ्याचे होते. मधुमेहाची गोळी कोणी वेळेवर घेतली नाही, तर शेजाऱ्याची गोळी निकामी होत नाही. अँटिबायोटिकचे तसे नाही. आपण ते चुकीचे घेतले, तर ते दुसऱ्याच्या उपयोगातून जाते.

हे कसे घडते, ते थोडक्यात समजून घेऊ. जिवाणू शहाणे होत नाहीत. कोट्यवधी जिवाणूंमध्ये एखादा मूळचाच असा असतो की, त्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. औषधाने बाकीचे मेले की त्याला मोकळे रान मिळते आणि त्याची संतती वाढते. जितक्या वेळा औषध वापरू, तितक्या वेळा ही निवड होते. शिवाय जिवाणूंची आणखी एक रीत आहे. घरात विरजण नसले की आपण शेजारून वाटीभर आणतो. तसेच औषध परतवण्याचा गुण एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. म्हणून कोंबडीच्या आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूने मिळवलेला हा गुण उद्या माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूकडे जाऊ शकतो. एका घरचे विरजण सगळ्या वाड्यात फिरावे, तसे हे आहे.

शेडपासून ताटापर्यंत

आपल्या आजी-आजोबांच्या काळी कोंबडी अंगणात फिरे आणि पाहुणा आला तरच कापली जाई. आज ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आत दोन किलोच्या पुढे जाते. हजारो पिल्ले एका शेडमध्ये, भाताच्या तुसावर, दाटीवाटीने वाढतात. देशातील कोंबडी व्यवसायाच्या वाढीत पुण्याचा मोठा वाटा आहे. मावळ-मुळशीपासून दौंडपर्यंत अनेक शेतकरी या व्यवसायात आहेत. या व्यवसायाने एक चांगले काम केले आहे, तेही विसरता कामा नये. ज्या घरात मटण सणालाच येई, त्या घरात अंडे आणि चिकन नेहमीचे झाले. मुलांच्या वाढीसाठी हे मोठे वरदान आहे.

पण इतक्या दाटीत एक पिल्लू आजारले की सगळा लॉट जाण्याची भीती असते. आजारी पिल्लू वेगळे काढून त्याला औषध देणे जमत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्यातून सगळ्यांनाच दिले जाते. कधी आजार येण्याआधीच दिले जाते. त्याहून वेगळा एक वापर आहे. थोडे थोडे अँटिबायोटिक खाद्यात मिसळले की पिल्ले लवकर वाढतात, असे अमेरिकेत १९५० च्या सुमारास लक्षात आले आणि ही प्रथा जगभर पसरली. म्हणजे जे औषध मरणाच्या दारातून माणसाला परत आणण्यासाठी होते, ते वजन वाढवण्याचे साधन झाले. आणि थोड्या थोड्या मात्रेत, दिवसेंदिवस औषध देणे म्हणजे फ्लेमिंग यांच्या गोष्टीतल्या माणसाने केले तेच, पण हजारो पटींनी.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. मांसात औषधाचा अंश उरणे ही एक गोष्ट आहे. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने २०१४ साली दिल्ली आणि परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत असे अंश सापडले. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणू. चिकन नीट शिजले की ते मरतात. परंतु शिजण्याआधी ते दुकानदाराच्या हाताला लागतात, आपल्या विळीला आणि सुरीला लागतात, आणि त्याच सुरीने आपण कोशिंबिरीसाठी काकडी चिरतो. शेडमधले तूस विष्ठेसकट खत म्हणून शेतात जाते. पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाते. म्हणून 'आम्ही मांस खातच नाही' म्हणणारा शेजारीही यातून सुटलेला नाही.

यातले काही जिवाणू पुणेकरांना आता नावाने माहीत झाले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. हातापायातली शक्ती जाणारा हा आजार दोनशेहून अधिक लोकांना झाला. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. संशय दूषित पाण्यावर होता. ही घटना औषधाला दाद न देण्याची नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण पोटातला एक साधा जंतू पाहता पाहता किती घरांत पोहोचतो, हे तिने दाखवून दिले.

याच कॅम्पिलोबॅक्टरची अमेरिकेतली कथा बोधप्रद आहे. तेथे १९९५ नंतर कोंबड्यांना फ्लुरोक्विनोलोन गटातली औषधे देण्यास परवानगी मिळाली. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन ही गोळी याच गटातली. काही वर्षांतच माणसांना होणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गात ही औषधे लागू पडेनात. २००० साली सरकारने कोंबड्यांसाठीची परवानगी काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. एका उत्पादकाने आपले औषध लगेच मागे घेतले, दुसरा पाच वर्षे भांडत राहिला. २००५ साली बंदी आली. पाच वर्षे वाद चालला, पण जंतू काही निकालाची वाट पाहत थांबत नाहीत.

दुसरे उदाहरण कोलिस्टिनचे. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून बाजूला ठेवलेले हे जुने औषध, इतर औषधे निकामी झाल्यावर डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून पुन्हा हाती घेतले. दरम्यान ते जनावरांच्या खाद्यात वापरले जातच होते. २०१५ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, या औषधाला परतवून लावणारा आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा गुण डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही आढळतो. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. हे योग्यच झाले. पण कायदा एका औषधाचे दार बंद करतो, तेव्हा शेजारची दारे आपोआप बंद होत नाहीत.

आणि सगळा दोष कोंबडीवर टाकूनही चालणार नाही. टायफॉइड कोंबडीपासून येत नाही, तो माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या अन्नपाण्यातून येतो. आपली वडीलधारी मंडळी त्याला मुदतीचा ताप म्हणत, कारण रोगी जगेल की जाईल हे मुदत सरल्यावरच कळे. १९४८ पासून त्यावर क्लोरँफेनिकॉल आले आणि ती मुदत संपली. पुढे जंतूंनी ते औषध परतवले, मग त्यानंतरची काही औषधेही परतवली. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात असा टायफॉइड पसरला की, त्याच्यावर तोंडाने घ्यायचे जवळजवळ एकच औषध उरले. हे कोंबडीच्या शेडमध्ये घडलेले नाही. हे माणसांच्या वस्तीत, औषधांच्या दुकानांत आणि गळक्या नळांच्या आसपास घडले.

वापर केव्हा योग्य?

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. अँटिबायोटिक वापरणे हेच पाप आहे काय? मुळीच नाही. नीतिशास्त्रात एक जुने तत्त्व आहे, त्याला द्विपरिणामाचे तत्त्व म्हणतात. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना त्याचा पाया घातला. एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक चांगला आणि एक वाईट. मूळ कृती वाईट नसेल, वाईट परिणामाची इच्छा नसेल, चांगले फळ त्या वाईटातून मिळवलेले नसेल आणि चांगल्याचे वजन वाईटाच्या मानाने पुरेसे असेल, तर ती कृती करता येते.

प्रत्येक अँटिबायोटिकच्या वापराने जगातला प्रतिरोध किंचित वाढतो. हा झाला वाईट परिणाम. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या बाळाला औषध देताना दुसऱ्या पारड्यात एक जीव आहे. तेथे कसलाच संकोच नको. आजारी जनावरालाही उपचार मिळालेच पाहिजेत, कारण तेही देवाने निर्माण केलेले आहे. पण सर्दीसाठी अँटिबायोटिक घेतले तर काय? सर्दी विषाणूने होते, आणि विषाणूवर हे औषध चालतच नाही. म्हणजे चांगल्याचे पारडे रिकामे आहे. आणि निरोगी पिल्लू चार दिवस आधी वजनात यावे म्हणून दिलेले औषध? तेथे चांगल्याच्या पारड्यात थोडे पैसे आहेत आणि दुसऱ्यात सगळ्यांच्या उपयोगाचे औषध. या मापाने तोलले की काय योग्य आणि काय अयोग्य, हे फारसे अवघड राहत नाही. अवघड आहे ते पुढचे.

माझा वाटा केवढासा?

अवघड आहे ती आपल्या मनातली पळवाट. 'मी एकट्याने दोन गोळ्या कमी घेतल्या किंवा जास्त घेतल्या, तर जगात काय फरक पडणार?' हिशेबाने पाहिले तर म्हणणे खरे आहे. माझ्या एका गोळीमुळे अमुक एक मूल गेले, असे कोणीही दाखवू शकणार नाही. पण मग प्रत्येकाचा वाटा शून्य असेल, तर एवढे मोठे नुकसान आले कोठून?

पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर, मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या भागांत, देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, असा गावाचा दंडक असे. एका झाडाने रान संपत नाही, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांनाही कळत होते. तरीही कोणी झाड तोडत नसे. कारण 'माझ्या एका झाडाने काय होते' हा प्रश्न विचारण्याची मुभा एकाला दिली की ती सगळ्यांना द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. आणि बाकीचे डोंगर उघडे पडले तेव्हा अनेक ठिकाणी पाण्याचा झरा टिकला तो त्या रानातच.

अँटिबायोटिकचा गुण ही आपली देवराई आहे. तो कोणा कंपनीच्या मालकीचा नाही, डॉक्टरच्या मालकीचा नाही आणि गोळीचे पैसे मोजले म्हणून आपल्याही मालकीचा नाही. पैसे मोजून आपण गोळी विकत घेतो. तिचा लागू पडण्याचा गुण मात्र सर्वांचा असतो, आज जन्मलेल्यांचा आणि अजून न जन्मलेल्यांचाही. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत ज्याला सार्वजनिक हित म्हणतात, त्याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच मिळेल.

आपल्या मराठी मुलखात श्रावणी सोमवारी एक कहाणी सांगतात, खुलभर दुधाची. राजाच्या हुकमाने सगळ्या गावाने घरातले सगळे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले, पण गाभारा भरला नाही. एका म्हातारीने आधी मुलाबाळांना, लेकीसुनांना, वासरांना दूध दिले आणि उरलेले खुलभर आणून ओतले, तेव्हा तो भरला. शुभवर्तमानातली दोन नाणी टाकणारी विधवा आपल्याला माहीत आहे, ही म्हातारी तिचीच बहीण शोभावी. या कहाणीत दोन गोष्टी आहेत. पहिली, ज्याला गरज आहे त्याचे आधी. दुसरी, लहान वाटा हा लहान म्हणून निरर्थक नसतो. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे.

करिंथच्या बाजारातले मांस

उरलेले अर्धे उत्तर संत पौलाकडे सापडते. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांपुढे मांसाचाच प्रश्न होता. बाजारातले बरेचसे मांस मूर्तींना वाहिलेले असे. ते खावे की नाही? जाणकार म्हणत की, मूर्तीत काही नाही, मग मांसात दोष कसला? पौल त्यांचा तर्क नाकारत नाही. पण तो प्रश्नच बदलतो. मांस कसे आहे यापेक्षा, माझ्या खाण्याने माझ्या दुबळ्या भावाचे काय होते, हे तो विचारतो. भावाचा घात होणार असेल, तर मी मांस सोडीन, असे तो म्हणतो.

त्याच पत्रात थोडे पुढे तो असेही सांगतो की, बाजारात जे विकले जाते ते फार चौकशी न करता खुशाल खा. पण जर कोणी तुम्हांला सांगितले की, हे मांस असे असे आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी थांबा. हा फरक फार महत्त्वाचा आहे. अज्ञानात केलेल्या कृतीची जबाबदारी वेगळी आणि कळल्यानंतरची वेगळी. पौल माणसाला संशयाने पछाडलेले पाहू इच्छित नाही. प्रत्येक घासाला घाबरणे हे काही पुण्य नाही. पण कळल्यानंतर न कळल्यासारखे वागणे त्याला मान्य नाही.

बंधुभगिनींनो, आता आपल्याला सांगितले गेले आहे. आणि या प्रश्नातला दुबळा भाऊ कोण, हेही आपल्याला ठाऊक आहे. पहिले औषध लागू पडले नाही, तर ज्याच्याकडे विमा आहे तो दुसरे घेईल, तिसरे घेईल. ज्याच्याकडे काही नाही त्याच्या दृष्टीने पहिले औषध हेच शेवटचे असते.

ज्याच्या हातात अधिक, त्याच्यावर अधिक

मात्र जबाबदारी सर्वांची म्हटली की ती सर्वांवर सारखी लादण्याचा मोह होतो. तो अन्यायच ठरेल. धुणीभांडी करणारी बाई डॉक्टरकडे न जाता औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेते, कारण डॉक्टरची फी आणि बुडालेला खाडा मिळून तिच्या आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात. तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. करारावर कोंबड्या पाळणारा शेतकरी पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीकडून घेतो. शेड त्याचे, वीजबिल त्याचे, मेहनत त्याची, आणि किलोमागे ठरलेला दर मिळतो. लॉट मेला तर कर्जाचा हप्ता कोठून भरायचा? त्याच्यापुढे आपण उपदेशाचे शब्द टाकावेत, ही काही नीती नव्हे.

निवड करण्याची मोकळीक ज्याला अधिक, त्याची जबाबदारी अधिक. खाद्यात काय मिसळायचे हे ठरवणाऱ्या कंपन्यांची ती सर्वांत मोठी आहे. रुग्ण नाराज होईल म्हणून अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या डॉक्टरांची आहे. चिठ्ठीशिवाय औषध देणाऱ्या दुकानदाराची आहे, कारण २०१४ पासून अनेक अँटिबायोटिकची नोंद वेगळ्या वहीत ठेवण्याचा नियम आहे. सरकारची आणि महापालिकेची आहे, कारण स्वच्छ पाणी मिळाले तर बऱ्याच गोळ्या लागणारच नाहीत. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली मुलांना टायफॉइडची नवी लस देण्याची मोहीम हाती घेतली. रोगच टळला तर औषधाचा प्रश्न उरत नाही. केरळ सरकारने २०२४ मध्ये चिठ्ठीविना अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर धाडी सुरू केल्या. स्वीडनने १९८६ मध्ये आणि संपूर्ण युरोपीय संघाने २००६ मध्ये वाढीसाठी अँटिबायोटिक देणे बंद केले. तेथील माणसे उपाशी राहिली नाहीत. हे होऊ शकते.

आणि आपली जबाबदारी? आपण यांपैकी बहुतेक काहीच नाही, पण आपण गिऱ्हाईक आहोत, रुग्ण आहोत, मालक आहोत आणि मतदार आहोत.

गिऱ्हाईक म्हणून आपण विचारू शकतो. सणाच्या जेवणासाठी धर्मग्रामातर्फे शंभर किलो चिकन घेतले जाते, तेव्हा पुरवठादाराला 'वाढीसाठी औषध न घातलेले मिळेल का?' असे विचारायला पैसे पडत नाहीत. एकाने विचारले तर तो हसेल. दहा जणांनी विचारले तर तो वर विचारील. थोडे महाग मिळाले, तर ताटात एक तुकडा कमी वाढता येईल. घरी कच्च्या चिकनसाठी सुरी आणि पाट वेगळा ठेवावा, ते वाहत्या नळाखाली धुताना शिंतोडे उडू देऊ नयेत, हात साबणाने धुवावेत आणि हाडापाशी लाल राहणार नाही इतके शिजवावे.

रुग्ण म्हणून आपण डॉक्टरांना 'स्ट्राँग औषध द्या' म्हणणे थांबवू शकतो. सर्दी-पडशाला चार दिवस धीर धरू शकतो. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे ते औषध चिठ्ठीवाचून घेऊ नये, हे २०१६ पासून सरकार सांगत आले आहे. डॉक्टरांनी सांगितले तितकेच आणि तितके दिवस घ्यावे, उरलेले शेजारणीला देऊ नये. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण शेजारधर्म म्हणून औषध देणारी माणसे चांगल्या मनाचीच असतात. गरिबांसाठी जुनी औषधे गोळा करण्याचा उपक्रम जेथे चालतो, तेथेही अँटिबायोटिकच्या अर्ध्या पट्ट्या स्वीकारू नयेत. गरिबाला अर्धा इलाज देणे ही दया नव्हे.

मालक म्हणून आपल्या हातात सर्वांत मोठी गोष्ट आहे. घरी कामाला येणाऱ्या बाईला ताप आला, तर तिचा खाडा कापू नये आणि डॉक्टरची फी आपण द्यावी. तिने दोन गोळ्यांवर भागवू नये असे आपल्याला वाटत असेल, तर त्याची किंमत तिने एकटीने का मोजावी? आणि मतदार म्हणून नगरसेवकाला रस्त्यावरच्या दिव्यांइतकेच पाण्याच्या तपासणीविषयीही विचारावे.

यातले एकही काम वीराचे नाही. यातले काहीही केले म्हणून अमुक एक मूल वाचले, असेही कोणी आपल्याला कधी सांगणार नाही. ज्याला वाचवले त्याचे नाव कळणार नाही आणि त्यालाही आपले नाव कळणार नाही. शुभवर्तमानात डाव्या हाताला कळू न देता दान करायला सांगितले आहे. येथे तर उजव्या हातालाही कळत नाही. बहुधा अशाच कामात प्रीतीची खरी परीक्षा होते.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थना झाल्यावर घरातला औषधांचा डबा उघडून पाहू या. त्यात लाल रेघेच्या किती अर्ध्या पट्ट्या पडून आहेत आणि त्या कशासाठी आणल्या होत्या, याविषयी मुलांसमोर मोकळेपणाने बोलू या. आणि सोमवारी कामाला येणाऱ्या बाईला विचारू या की, 'ताई, मागच्या तापाला औषध कोठून घेतले होते?'